गिटारचा भोपळा

मराठीच्या मास्तराला भोपळा काही नवीन नाही. वीस वर्षे उत्तरपत्रिका तपासताना मी तो किती जणांच्या पदरात घातला असेल, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. परंतु गेल्या वर्षी माझ्या कन्येने मला जो भोपळा दिला, तो मात्र मी जन्मभर विसरणार नाही. विषय होता गिटारचा ॲम्प्लिफायर. पेपर घरीच झाला, आणि मी त्यात सपशेल नापास झालो.

झाले असे की, कन्या अकरावीत गेली आणि तिने इलेक्ट्रिक गिटार घेतली. दोन वर्षांचे वाढदिवसाचे पैसे, मामाची ओवाळणी आणि आजीने गुपचूप हातावर ठेवलेल्या नोटा अशी ती पुंजी होती. खोका उघडला तेव्हा मी चकितच झालो. माझ्या डोळ्यांसमोर सिनेमातल्या नायकाच्या गळ्यातली, पोटाला गोल भोक असलेली गिटार होती. ही तर एक सपाट, भरीव फळी! पाटाला तारा ठोकाव्यात आणि वर रंग द्यावा, तशी. तिने तार छेडली, तर ताटलीवर रबर ताणून वाजवल्यासारखा आवाज आला. शेजारच्या खोलीत तोही ऐकू गेला नसता.

“अगं, हिचा आवाज कुठे आहे?” मी विचारले.

“बाबा, आवाज ॲम्पमध्ये असतो,” ती म्हणाली.

मी हसलो. उत्तर चूक ठरवून हसण्याची सवय मास्तरांना असतेच. ते उत्तर शंभर टक्के बरोबर होते, हे कळायला मला पुढे तीन महिने लागले.

भोपळा नसलेला तानपुरा

आमच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे माझे एक स्नेही आहेत. त्यांच्यापाशी मी हे गाऱ्हाणे नेले. ते त्याच संध्याकाळी घरी आले. आमच्या दिवाणखान्याच्या कोपऱ्यात माझ्या आईचा मिरजेचा तानपुरा उभा असतो. त्याच्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, “सर, याचा भोपळा काढून घेतला तर काय उरेल?”

“दांडी आणि तारा,” मी म्हणालो.

“मग तुमच्या मुलीच्या हातात तेच आहे. भोपळा तुम्हांला वेगळा विकत घ्यायचा आहे!”

नुसती तार हवेला फारसे हलवू शकत नाही, कारण ती फार बारीक असते. तिचे कंपन घोडीवाटे तबलीत आणि भोपळ्यात उतरते, तो मोठा पृष्ठभाग हवा हलवतो, आणि मग नाद आपल्या कानी येतो. साध्या गिटारचे पोकळ पोट हेच काम करते. भरीव गिटारला पोट नाही. तिच्या तारांखाली लोहचुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. त्यांना ‘पिकअप’ म्हणतात. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि त्या वेढ्यांत विजेची एक क्षीण लहर उठते. (म्हणूनच या गिटारला नायलॉनच्या तारा लावून चालत नाही, चुंबकाला नायलॉनची दखलच नसते.) ती लहर इतकी दुबळी असते की तिने कर्णा हलणे शक्य नाही. ॲम्प्लिफायर घरातल्या विजेकडून बळ उसने घेतो, त्या लहरीचे रूप कायम ठेवून तिला दांडगी करतो आणि मग कर्ण्याच्या कागदी पडद्याला ढकलतो.

“भोपळा स्वतः बळ देत नाही, असलेले बळ हवेत नीट पोचवतो,” स्नेही म्हणाले. “हा मात्र बाहेरून बळ आणतो. एवढा फरक सोडला तर उपमा चालेल.” उपमेला पदार्थविज्ञानाची मान्यता मिळाल्याचा आनंद मला फार दिवस पुरला.

रेडिओ दुरुस्त करणारा आणि ढोल वाजवणारा

मग मी पुस्तके चाळली. दुसरे काही येत नसले म्हणजे मास्तर पुस्तके चाळतो. त्यातून एक गमतीचा इतिहास हाती लागला.

१९३०च्या सुमारास अमेरिकेत नाचाच्या मोठमोठ्या वाद्यवृंदांची चलती होती. पितळी कर्ण्यांच्या त्या गदारोळात बिचाऱ्या गिटारचे कोणी ऐकत नसे. १९३२च्या सुमारास रिकनबॅकर यांची विजेवर वाजणारी हवाईयन गिटार बाजारात आली. ती दिसायला थेट तव्यासारखी, म्हणून लोकांनी तिला ‘फ्राइंग पॅन’ असेच नाव ठेवले. १९३९मध्ये चार्ली ख्रिश्चन हा तरुण बेनी गुडमन यांच्या ताफ्यात इलेक्ट्रिक गिटार घेऊन बसला, आणि मागच्या रांगेत ताल धरणारे हे वाद्य पुढे येऊन गाऊ लागले.

ॲम्प्लिफायरला आजचे रूप देणाऱ्यांत पहिले नाव येते लिओ फेंडर यांचे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी त्यांचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते, आणि त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! दुसरे नाव जिम मार्शल. हे लंडनचे ड्रमवादक. हॅनवेल भागातल्या त्यांच्या वाद्यांच्या दुकानात गिटारवाले तरुण जमत आणि दांडगा ॲम्प्लिफायर मागत. फेंडर यांचा ‘बासमन’ समोर ठेवून मार्शल यांच्या माणसांनी १९६२च्या सुमारास आपला पहिला ॲम्प्लिफायर बांधला. पुढे त्याने जगाच्या कानठळ्या बसवल्या.

आपल्याकडेही हे वाद्य परके राहिले नाही. व्हॅन शिप्ले यांच्या गिटारवरची सिनेगीते एके काळी घरोघर ऐकली जात. १९७१च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’मधल्या गाजलेल्या गाण्यातली गिटार भूपिंदर सिंग यांची. मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद तर पिढ्यान्‌पिढ्या गोव्याच्या वादकांनी सांभाळले.

शंभर वॅटचा गजराज

एवढा अभ्यास झाल्यावर खरेदी माझ्यावर सोपवण्यात आली, आणि तिथेच घात झाला. मी हिशेब मांडला तो धान्यबाजारातला. दर वॅटमागे रुपये किती? ओळखीच्या ओळखीतून एका तरुणाचा पत्ता लागला. त्याचा बँड मोडला होता आणि १०० वॅटचा, १२ इंचांचे दोन कर्णे असलेला ॲम्प्लिफायर त्याच्या माळ्यावर धूळ खात पडला होता. दुकानात नवा २० वॅटचा ज्या किमतीला मिळत होता, त्याच किमतीला हा शंभराचा! मी सौदा जागेवर पक्का केला, आणि टेम्पोतून ते धूड डोंबिवलीच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर आणले. सौभाग्यवतींनी दार उघडले आणि विचारले, “दुसरा फ्रिज कशाला?”

कन्येने बटण शून्यावरून जेमतेम एकावर नेले, तोच खिडकीची तावदाने वाजली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त काका गॅलरीत येऊन वर पाहू लागले. बटण एकाच्या खाली न्यावे, तर आवाज पार मेलेला. शून्य आणि एक यांच्या मधल्या त्या केसभर जागेत आमच्या कन्येने संगीतसाधना करायची होती.

वॅटचे गणित वाण्याच्या गणितासारखे नसते, हे मला तेव्हा कळले. १० वॅटचा आवाज कानाला दुप्पट मोठा वाटावा, यासाठी २० वॅट पुरत नाहीत. सुमारे १०० लागतात. २० वॅटचा फरक जेमतेम ‘जरा मोठा’ एवढाच वाटतो. म्हणजे शंभर वॅटवाला दहा वॅटवाल्याच्या दहापट नव्हे, फक्त दुपटीने ओरडतो, आणि दहा वॅटसुद्धा दहा बाय अकराच्या खोलीत कान किटवायला पुरेसे असतात. घरातल्या रियाजाला १० ते २० वॅटपुढे जाण्याचे कारणच नाही. त्यातून सन २०००च्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. दोन माणसे गप्पा मारत बसली तरी आवाज साठाच्या आसपास जातो. मग गजराजाची काय कथा!

“बाबा, चावतं”

पण खरी गोष्ट पुढेच आहे, आणि ती सांगण्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

दुसऱ्याच दिवशी कन्या म्हणाली, “बाबा, तारांना हात लावला की मुंग्या येतात.”

मी वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणालो, “नवं नवं आहे. बोटं दुखायचीच. तुझ्या आजीच्या बोटांना तानपुऱ्याने घट्टे पडले होते.”

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “दुखत नाही बाबा, चावतं.”

“मनाचे खेळ आहेत,” मी म्हणालो.

त्यानंतर चार दिवस त्या धुडावर चादर पडून राहिली. मी त्याचाही अर्थ माझ्या पद्धतीने लावला. जेवताना ‘आरंभशूर’ या शब्दावर पाच मिनिटे व्याख्यान दिले. कन्या ताटाकडे पाहत राहिली. तिने उत्तर दिले नाही. हुशार विद्यार्थी मास्तरांपुढे गप्प का बसतात, याचा मी वीस वर्षे विचार करत आलो आहे. त्या दिवशी मात्र तो प्रश्न मला सुचलाही नाही.

रविवारी सकाळी घर पुसून झाले होते. फरशी ओली होती. मी अनवाणी जाऊन गिटार उचलायला गेलो, कारण ती चादरीखालून अर्धी बाहेर लोंबत होती. ॲम्प्लिफायर चालूच राहिला होता. तारांना हात लागला मात्र, झणझणत एक कळ कोपरापर्यंत गेली आणि गिटार हातून सुटून गादीवर पडली. मी तसाच हात धरून उभा होतो. दारात कन्या उभी होती. ती एवढेच म्हणाली, “चावलं ना?”

ती वाजवताना पायांत चपला घालत असे, म्हणून तिला मुंग्यांवर भागले होते. माझे पाय ओल्या फरशीवर होते. पाय ओले आणि अनवाणी तिचे असते तर, या विचाराने त्या सकाळी मला चहा गेला नाही.

स्नेह्यांना फोन केला. ते खिशात टेस्टर घालूनच आले. त्यांनी तो गिटारच्या तारेला टेकवला, आणि टेस्टरमधला दिवा लागला! तारेवर दिवा लागलेला पाहून सौ. मटकन खाली बसल्या. मग त्यांनी ॲम्प्लिफायरचा प्लग उघडला. पिना तीन होत्या. पण वरच्या जाड पिनेला, म्हणजे अर्थिंगच्या पिनेला, तारच जोडलेली नव्हती. ती कापून आत दुमडून ठेवली होती. पूर्वीच्या मालकाला कर्ण्यातून ‘घूंऽऽ’ असा आवाज येत असावा, आणि तो घालवण्यासाठी त्याने हा उद्योग केला असावा. असे बरेच जण करतात म्हणे. कानाची कटकट जाते आणि जिवाची सुरू होते.

कारण असे, की गिटारच्या तारा वायरीवाटे ॲम्प्लिफायरच्या लोखंडी सांगाड्याला जोडलेल्या असतात. सांगाडा जमिनीशी जोडलेला असला, तर आतली वीज झिरपली तरी ती अर्थिंगच्या तारेने निघून जाते. ती वाट बंद असेल, तर वीज वाट पाहते ती वाजवणाऱ्याची. १९७२मध्ये स्कॉटलंडमधल्या ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा लेस्ली हार्वी हा गिटारवादक स्वान्सी येथे भर कार्यक्रमात अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लावताच गेला. त्याचे वय तिशीच्या आतले होते.

आम्ही प्लगमधली तार जोडली, तरी टेस्टरचा दिवा विझेना. तेव्हा वायरमनला बोलावले. त्याने भिंतीतला बोर्ड उघडला, टेस्ट लॅम्प लावून पाहिला आणि म्हणाला, “साहेब, अर्थिंगची वायर इथपर्यंत आलीय. पण ती खाली कुठे जोडलेलीच नाही.” चौदा वर्षांपूर्वी आम्ही हे घर घेतले. गिझर, फ्रिज, कपडे धुण्याचे यंत्र, सगळे याच बोर्डांवर. चौदा वर्षे आम्ही नशिबाच्या भरवशावर आंघोळी करत होतो! त्याने मीटरच्या खोलीतल्या अर्थिंगपर्यंत तार नेली आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवला. वीज थोडी जरी भलत्या वाटेने गेली, तरी हे उपकरण निमिषार्धात पुरवठा तोडते. मग टेस्टरचा दिवा विझला.

त्या रात्री मी कन्येची माफी मागितली. मराठीचा प्राध्यापक असूनही मला ते वाक्य नीट जुळवता आले नाही. “तू पहिल्या दिवशी सांगितलंस तेव्हाच मी...” एवढे म्हणून मी थांबलो.

“जाऊ द्या बाबा,” ती म्हणाली. “पण पुढचा ॲम्प मी निवडणार.”

धोबी तलावाची वारी

गजराजाला जाणत्या कारागिराकडून नवी तीन तारांची वायर घातली, आतून तपासून घेतले, आणि सभागृहात सराव करणाऱ्या मुलांना सारी हकीकत सांगून विकले. मग एका शनिवारी आम्ही बापलेक धोबी तलावावर गेलो. जवळच्या जेर महालात आजही गोवेकरांचे गावोगावचे कूड आहेत, आणि पाश्चात्त्य वाद्यांची दुकानेही याच परिसरात आहेत. पाठीवर गिटार घेऊन कन्या पुढे, आणि मी मागे. या वेळी माझे काम पिशवी धरण्याचे होते.

दुकानातल्या मुलाने एक ॲम्प्लिफायर लावला, सगळी बटणे पुढे केली आणि विजेच्या वेगाने बोटे फिरवून दाखवली. मी भारावलो. कन्या नम्रपणे म्हणाली, “दादा, मी वाजवून बघू?” तिने त्यांची महागडी गिटार बाजूला ठेवून स्वतःची काढली, सगळी बटणे मध्यावर आणली, आवाज लहान केला आणि एकच संथ सुरावट वाजवली. मग दुसऱ्यावर तीच, तिसऱ्यावर तीच. दर वेळी ती खाली बसून कान कर्ण्याच्या उंचीला आणायची आणि मग दूर जाऊन ऐकायची. उत्तरपत्रिका तपासण्याची याहून न्याय्य पद्धत मी पाहिलेली नाही. सर्वांना प्रश्न एकच, आणि हस्ताक्षराला गुण नाहीत.

ॲम्प्लिफायरच्या तीन जाती तिथे पाहायला मिळाल्या. पहिली जात व्हॉल्व्हची, म्हणजे जुन्या रेडिओत लुकलुकत असत त्या काचेच्या नळ्यांची. या नळ्या तापायला वेळ घेतात, झिजतात, बदलाव्या लागतात. आत शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ साठून राहतो. घरच्या घरी हे खोके उघडणे म्हणजे आत्मघात. वजनही दांडगे. ‘व्हॉक्स एसी ३०’ हा नामांकित ॲम्प्लिफायर ३० किलोंच्या घरात जातो. मग लोक त्याच्यामागे का लागतात? कन्येने १५ वॅटचा एक व्हॉल्व्हवाला हळूहळू चढवला, आणि मला उत्तर मिळाले. एका मर्यादेपुढे नळ्यांना ती लहर पेलवत नाही. लहरीचे शेंडे बोथट होतात आणि मूळ सुरात वरचे नवनवे स्वर मिसळू लागतात. सूर भरतो, दाटतो, गुंजू लागतो. तानपुऱ्याच्या तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी खुलवल्यावर होते, काहीसे तसेच! कारागिरांनी हे यंत्र बनवले होते ते स्वच्छ आवाजासाठी. वादकांनी ते ताणले, आणि त्या दोषातच त्यांना गोडी सापडली.

दुसरी जात ट्रान्झिस्टरची. हलकी, काटक, स्वस्त. तिसरी संगणकी, म्हणजे डिजिटल. तिच्या पोटातली चिप पन्नास नामवंत ॲम्प्लिफायरांच्या नकला करते.

“व्हॉल्व्हवालाच घेऊ या,” मी उदारपणे म्हणालो, कारण किंमत अजून विचारली नव्हती.

“नको बाबा. तो मोठा केल्याशिवाय खुलत नाही. आपल्या खोलीत तो मिटलेलाच राहील.” आणि डिजिटलबद्दल म्हणाली, “यात मी नुसती बटणंच फिरवत बसेन.”

शेवटी तिने घेतला तो २० वॅटचा, ८ इंची कर्ण्याचा, ट्रान्झिस्टरचा साधा ॲम्प्लिफायर. ६ इंचांच्या खेळण्यातल्यासारख्या खोक्यातून खर्ज येत नव्हता. १२ इंचांची घरात गरज नव्हती. तिने मागच्या बाजूला वाकून दोन गोष्टी पाहिल्या. रात्री वाजवण्यासाठी हेडफोनची खोबण आहे ना? आणि व्होल्टेज २३० लिहिले आहे ना? अमेरिकेतल्या मेहुण्यांनी तिकडून स्वस्तात पाठवतो म्हटले होते. पण तिकडची वीज १२० व्होल्टची. ते यंत्र आपल्या भिंतीत खोचले असते, तर दिवाळीआधीच बाण सुटला असता.

एक सूचना जाता जाता. आपल्या मुलांची गिटार पोकळ पोटाची, आत पिकअप बसवलेली असेल, तर तिला वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. भरीव गिटारचा कर्णा साधारण पाच-सहा हजार कंपनांच्या वरचे स्वर मुद्दाम गाळतो, आणि म्हणून तिचा रेटलेला आवाज कानाला बोचत नाही. पोकळ गिटारला मात्र ते वरचे स्वर हवे असतात. घरातल्या गाणी ऐकायच्या स्पीकरला भरीव गिटार जोडली तर डास गुणगुणल्यासारखे का वाटते, तेही याच कारणाने.

लोकलमध्ये समोरच्या गृहस्थांनी मांडीवरच्या खोक्याकडे पाहून विचारले, “पेटी का हो?”

“हो, पेटीच,” मी म्हणालो. त्यात खोटे काय होते?

चौरंगावर प्रतिष्ठापना

घरी आल्यावर यंत्र कोपऱ्यात, जमिनीवर ठेवायला मी निघालो. कन्येने अडवले. कोपऱ्यात ठेवले की दोन भिंती आणि फरशी मिळून खर्ज फुगवतात, आणि सगळा आवाज घुमट होतो. शिवाय तीव्र स्वर टॉर्चच्या झोतासारखे सरळ जातात. यंत्र जमिनीवर असले तर तो झोत वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांवर आदळतो. कानाला आवाज मंद वाटतो, म्हणून तो ‘ट्रेबल’ वाढवतो, आणि समोर बसलेल्याच्या कानात सुया टोचतात. तेव्हा यंत्र भिंतीपासून हातभर पुढे घेतले आणि चौरंगावर ठेवले. “सत्यनारायणाला चौरंग कुठून आणायचा?” हा सौ.चा प्रश्न अद्याप प्रलंबित आहे. पुढची बाजू किंचित वर उचलावी म्हणून खाली शब्दकोशाचा एक खंड सरकवला. कोशाचा इतका भक्कम उपयोग माझ्या हातून आजवर झाला नव्हता.

चालू करण्याचाही क्रम आहे. आधी आवाज शून्यावर, मग वायर गिटारला आणि यंत्राला, मग वीज, मग आवाज हळूहळू. बंद करताना उलटा क्रम. नाही तर ‘धाड्’ असा स्फोट होतो आणि कर्ण्याचा पडदा दुखावतो. वायर आवरण असलेलीच हवी आणि लांबी तीन मीटर पुरे. फार लांब वायरीत वरचे स्वर हरवतात. तिच्या टोकाची पाव इंची पिन मूळची जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधली आहे, हे कळल्यावर मला उगीच ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले.

बटणांपैकी ‘गेन’ आणि ‘व्हॉल्यूम’ यांत मी गल्लत करत असे. गेन म्हणजे आत येणाऱ्या लहरीला किती रेटायचे. व्हॉल्यूम म्हणजे बाहेर किती मोठ्याने सोडायचे. गेन वाढवून व्हॉल्यूम कमी ठेवला, तर खालच्या काकांना त्रास न होता दाटलेला सूर मिळतो. बास, मिडल आणि ट्रेबल मध्यावर ठेवून सुरुवात करावी, आणि एका वेळी एकच बटण थोडे हलवावे. नवशिके मिडल उतरवतात, कारण एकट्याने वाजवताना ते भारदस्त वाटते. पण गिटारचा जीव मधल्या स्वरांतच असतो, आणि चौघांत वाजवायला बसल्यावर ती मग ऐकूच येत नाही. थोडी ‘घूं’ उरली, तर ट्यूबलाइट आणि मोबाइलचा चार्जर बंद करावा, गिटार घेऊन जरा वळून बसावे, बरीचशी जाते. अर्थिंगला मात्र हात लावायचा नाही. हे वाक्य मी कागदावर लिहून बोर्डाशेजारी चिकटवले आहे.

पहिल्या संध्याकाळी कन्या वाजवायला बसली. माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिला हल्ली कमी ऐकू येते. ती आपली खुर्ची ओढत आली आणि चौरंगाजवळ बसली. नातीने गेन थोडा चढवून सूर धरला. आईने पेटीवर तळहात ठेवला, डोळे मिटले, आणि मान नकारार्थी हलवली.

“जवारी फार उघडी झालीय गं. किंचित मिटव.”

या यंत्रात जवारी कुठली, असे म्हणायला मी तोंड उघडणार होतो. पण तोंड उघडण्याचे परिणाम मला ताजे आठवत होते. कन्येने गेन केसभर मागे घेतला. सूर एकदम जागेवर बसला, कोपऱ्यातल्या तानपुऱ्याच्या तारा आपसूक हलक्याशा झंकारल्या, आणि आजीने मान डोलावली.

वाचकहो, ॲम्प्लिफायर घ्याल तेव्हा वॅट मोजू नका, आपली खोली मोजा. दुकानदाराचे हात पाहू नका, आपले कान मिटवू नका. आणि घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. घरातले लेकरू ‘चावतं’ म्हणाले, तर आधी टेस्टर लावून पाहायचा. उपदेश त्यानंतर.